दुसऱ्या टाकीचं माप

१

नुबार कुठलीही गोष्ट तीनदा बघितल्याशिवाय करत नसे. दुकानाला कुलूप लावून निम्मा जिना उतरला की परत वर जायचा, कुलूप ओढून बघायचा, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर पुन्हा एकदा मागे फिरायचा. बुर्ज हम्मूद वस्तीतल्या त्या गल्लीत त्याची ही सवय चेष्टेचा विषय होती. दुकानाच्या खालीच बायकांचे केस कापणारी शाके तर तोंडावर म्हणायची, "नुबार लग्नाचं माप घेत बसला आणि इकडे नवरी म्हातारी झाली." ती नवरी कोण, हे ती सांगत नसे. गल्लीला माहीत होतं.

कामही त्याने स्वभावाला साजेसं धरलं होतं. जुन्या मोटरसायकलींचे पेट्रोलचे काटे. ज्या कंपन्यांनी हे सुटे भाग बनवणं सोडून तीस-तीस वर्षं झाली, त्यांचे. कुठेच मिळालं नाही की लोक शेवटी नुबारकडे येत. झाहलेहून, सैद्याहून, क्वचित अम्मानहूनही खोकी येत, आणि आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली टाकीतली कांडी असे. कांडीला वाकवलेली तार, तारेच्या टोकाला लिंबाएवढा पोकळ पितळी गोळा. टाकीत पेट्रोल चढलं की गोळा चढतो, उतरलं की उतरतो, आणि वरच्या तबकडीत काटा त्याच्या मागोमाग फिरतो. एवढंच यंत्र. पण गोळ्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की तो पेट्रोल पितो, बुडतो, आणि काटा भरल्या टाकीला रिकामी म्हणू लागतो.

भोक शोधायची रीत साधी. गोळा कानाशी धरून हलवायचा आणि आत काही खळखळतंय का ते ऐकायचं. मग कॉफीच्या भांड्यात पाणी गरम करून त्यात तो बुडवायचा. आतली हवा तापून फुगते आणि भोकातून बुडबुडे येतात. जिथून येतात तिथे पेन्सिलीने खूण करायची, गोळा सुकवायचा, कथलाने झाळून टाकायचा. नुबारने हे हजारो वेळा केलं होतं.

त्या शनिवारी सकाळी पाळी होती डॉक्टर रघीदच्या कांडीची. हा झाहलेचा दातांचा डॉक्टर. दात उपटायचे आणि जुन्या गाड्या जमवायच्या, एवढेच त्याचे दोन धंदे. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती आणि त्याला काटा चालू हवा होता. नुबारने गोळा कानाशी हलवला. काही वाजलं नाही. त्याने तो गरम पाण्यात सोडला आणि वर येऊ नये म्हणून त्यावर एक जड नट ठेवला.

चार बुडबुडे ओळीने आले. थांबले. जरा वेळाने पुन्हा चार आले आणि थांबले.

हवा निघून जाईपर्यंत कॉफी होईल म्हणून नुबारने दुसऱ्या शेगडीवर कॉफी ठेवली, ती उतरवली, गाळ बसू दिला आणि तो ती सावकाश प्यायला. पाव तास झाला असेल. त्याने वाकून बघितलं. चार बुडबुडे आले आणि थांबले.

लिंबाएवढ्या गोळ्यात हवा ती किती असणार?

२

पहिला विचार आला तो पेट्रोलचा. आत थेंबभर जुनं पेट्रोल राहिलं असेल आणि गरम पाण्याने त्याची वाफ होत असेल. पटण्यासारखी गोष्ट होती. नुबारने ते पाणी ओतून दिलं, एका पसरट भांड्यात नळाचं गार पाणी घेतलं, गोळा त्यात बुडवला आणि वर परत नट ठेवला. आता वाफ व्हायचं कारणच नव्हतं. तो हात पुसत होता तेवढ्यात चार बुडबुडे वर आले.

तो स्टुलावर बसून बघत राहिला. आपणही त्या बुडबुड्यांबरोबरच श्वास सोडतोय, हे बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं. तेव्हा तो घाबरून जरा मागे सरकला.

खाली जिन्यावर सपाता वाजल्या. त्या दगडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीची लोखंडी पट्टी सुटलेली होती आणि मांजर चढलं तरी ती खण्णकन वाजायची. आताही वाजली. शाके झातरचा मसाला लावलेली रोटी घेऊन आत आली.

"पाण्याकडे काय टक लावून बसलायस? भविष्य दिसतंय?"

"बुडबुडे मोजतोय."

"मोज बाबा. देवाने तुला मोजायलाच जन्माला घातलंय." तिने ताटली ठेवली आणि भांड्यात डोकावली. "कुठायत बुडबुडे? यात तर काहीच नाही."

खरंच नव्हतं. ती जिन्यावर आल्यापासून एकही आला नव्हता.

"आत्ता होते," नुबार म्हणाला.

"हो, मीही कधीकाळी सुंदर होते. ऐक, तुझ्या आईने निरोप दिलाय. जेवायला वेळेवर ये. आज तिला तुझ्याशी बोलायचंय." शाकेचा आवाज जरा खाली आला. "नावाचं बोलत होती. सेरोपच्या."

नुबारने गोळ्यावरचा नट नीट केला. तिने ताणलं नाही. ती खाली गेली, पट्टी वाजली, तिचं दार लागलं. नुबारने मनात तीस मोजले. चार बुडबुडे आले.

त्याने गोळा बाहेर काढला, कांडी फडक्याने पुसली आणि पहिल्यांदाच तारेकडे नीट बघितलं. तारेच्या मुळाशी कानशीचे तीन बारीक घाव होते. शिकाऊ असल्यापासून तो आपल्या कामावर करत आलेली खूण. आणि तार दोन ठिकाणी वाकवलेली होती, एक बाक जास्तीचा. असा बाक त्याने जन्मात एकदाच दिला होता.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि उस्ताद ह्रान्तच्या हाताखाली शिकत होता. त्याचा भाऊ सेरोप चोवीसचा. सेरोपकडे एक जपानी मोटरसायकल होती, तिला त्याने शाळेच्या खिडक्यांतून उरलेला पिस्त्याच्या रंगाचा तेलरंग फासला होता. तिच्या कांडीची तार तुटली. लढाईमुळे बंदर बंद, सुटे भाग यायचे नाहीत. नुबारने गोळा नवा घडवला आणि तार लावली ती भंगारात मिळालेल्या दुसऱ्या, मोठ्या टाकीच्या गाडीची. मापात बसेना म्हणून अंदाजपंचे वाकवून बसवली. "दुसऱ्या टाकीचं माप या टाकीला चालत नाही," असं उस्ताद दिवसातून दहादा सांगायचा. त्या दिवशी उस्ताद दुकानात नव्हता.

उस्तादची एक रीत मात्र नुबारने पाळली होती. गोळ्याचं शेवटचं भोक झाळण्याआधी ज्याची गाडी त्याने आत एक फुंकर घालायची. आतला धूर निघून जातो म्हणायचे. ज्याची गाडी त्याचा दम, असंही म्हणायचे. सेरोपने हसत फुंकर घातली होती. "कांदा खाऊन आलोय," तो म्हणाला होता. "टाकी पेटेल बघ."

गुरुवारी दुपारी तो किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेला गेला. काटा अर्धी टाकी दाखवत होता. राखीव पेट्रोलचा नळ तर त्या दिवसांत सगळ्यांचाच कायम उघडा असे, बाटली-बाटलीने भरणाऱ्याला राखीव कुठून राहणार? तो परत आला नाही. दहा दिवसांनी नुबारने तशीच एक तार तशीच वाकवून कांडीला लावली आणि कांडी रिकाम्या डब्यात उभी केली. डबा कोरडा ठणठणीत होता आणि काटा अर्ध्यावर उभा होता.

बंदूकवाल्यांच्या दोन नाक्यांच्या मध्ये कुठेतरी त्याची गाडी बंद पडली असणार. हे नुबारने चौतीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

३

आईने मसुराचे मुटके केले होते. सत्त्याऐंशीव्या वर्षी तिच्या बोटांत जोर उरला नव्हता, म्हणून मुटके वेडेवाकडे झाले होते. ती स्वतः एकही खात नव्हती.

"पाद्रीबाबांना सहाच्या आत यादी द्यावी लागते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

उद्या चर्चमध्ये मेलेल्यांची प्रार्थना होती. ज्यांची माणसं गेली, ते कागदावर नावं लिहून देत आणि पाद्रीबाबा ती वाचून दाखवत. आई दर वेळी नवऱ्याचं नाव देई. दर शनिवारी संध्याकाळी घरातल्या छोट्या धूपदाणीत त्याच्या नावाने एक चिमूट धूप टाकी. एकच. लढाईत हरवलेल्यांच्या कचेरीतल्या मुलींनी सेरोपचा माग लागावा म्हणून तपासणीसाठी कापसावर तिची थुंकी नेली होती, त्यालाही आठ वर्षं झाली. पण सेरोपचं नाव तिने कधी कागदावर येऊ दिलं नव्हतं. जिवंत माणसाच्या नावाने धूप टाकला तर त्याचं आयुष्य तुटतं, असं ती म्हणे.

"नुबार, मी आता जाणार."

"आई, जेवताना काहीतरीच काय..."

"गप. ऐक आधी. मरायची मला भीती नाही. तुझे बाबा तिथे आहेत, माझी आई आहे. पण पोरगा तिथे नसला तर? तर मी त्याला इथे एकट्याला टाकून गेले असं होईल. मला एवढंच कळू दे. मी त्याच्याकडे चाललेय, का त्याला सोडून चाललेय?"

नुबारने हातातला मुटका ताटात ठेवला. आत्ता सांगावं असं त्याला फार वाटलं. तार, काटा, सगळं. आणि बुडबुडेही. तो पाणी प्यायला.

"मला कसं कळणार?" तो म्हणाला.

"लहानपणी कसं कळायचं? तूच तर बघून यायचास."

ते खरं होतं. लढाईच्या पहिल्या वर्षांत बंदूकवाले जिन्याजिन्यांतून तरण्या पोरांना धरायला येत. नुबार बारा वर्षांचा, त्याच्याकडे कुणी बघत नसे. सेरोप न्हाणीवरच्या माळ्यावर पाण्याच्या पिंपामागे दडून बसे आणि बुटांचा आवाज जिन्यावर असेपर्यंत श्वाससुद्धा रोखून धरी. नुबार जिना बघे, गच्ची बघे, गल्ली बघे. मग पिंपावर दोनदा टकटक करून म्हणे, "गेले." तेव्हा कुठे सेरोप सुस्कारा सोडून खाली उतरे. नुबारने ठोकलं म्हणजे ठोकलं. त्याच्या शब्दावर सेरोपने कधी शंका घेतली नाही.

"आताही तूच बघ," आई म्हणाली. "सहाच्या आत सांग. मग मी धूप पेटवते."

४

दुकानात परत आल्या आल्या त्याने गोळा पाण्यात ठेवला. चार बुडबुडे आले. मग त्याने डॉक्टर रघीदला फोन लावला.

"झालं का उस्ताद? तुम्हीच तारणहार!"

"डॉक्टर, ही गाडी कुठली?"

"भंगारवाल्याकडून घेतली. चोरीची नाही हो, शपथ!"

"रंग कुठला होता?"

"रंग कसला, गंजच सगळा. पण टाकी खरवडली तेव्हा खाली हिरवट काहीतरी निघालं. पिस्त्यासारखं. एखाद्या शाळेच्या खिडकीला देतात तसलं."

नुबारने खुर्ची ओढली आणि तो बसला.

"कुठे सापडली?"

"वरती डोंगरातल्या कुठल्याशा गावात. घराखालच्या पाण्याच्या हौदात. हौदाचं तोंड सिमेंटने बंद केलेलं होतं, घरमालकाने पाण्यासाठी फोडलं. हुक टाकून गाडी वर ओढली आणि दुसऱ्याच दिवशी परत सिमेंट ओतलं."

"परत बंद केलं? का?"

डॉक्टर हसला. "भंगारवाल्याच्या गप्पा, उस्ताद. पंप लावला तर तळ लागेना म्हणे. आणि रात्रंदिवस खाली पाणी हुळहुळायचं, पण वरून कुणी बुटाने चाललं की गप्प व्हायचं. आता तुम्ही सांगा, पाणी कधी गप्प होतं का?"

"गावाचं नाव काय?"

"सांगत नाही ना तो. घरमालकाने दम दिलाय. आधी कुणाचं घर होतं, काय होतं, कोण खोलात जाणार? तुम्ही काट्याचं बघा. उद्या फेरीला हवा बरं का."

फोन ठेवल्यावर नुबार भांड्यापाशी येऊन बसला. तो स्वतःला समजावत होता. माणसाचं वय होतं. कान वाजतात, डोळे फसवतात. पितळेला बारीक चीर गेली असेल, नळाच्या पाण्यात हवा असते, ती चिकटून बसते आणि सुटते. हे सगळं शक्य होतं. तेवढ्यात पुन्हा चार आले, आणि चौथा जरा कापत आला, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाचा श्वास येतो तसा.

"सेरोप," नुबार हळूच म्हणाला. आणि आपण हे मोठ्याने बोललो याची त्याला लाज वाटली.

५

चारच्या सुमाराला वीज गेली. पंखा थांबला, आणि त्या शांततेत नुबारला पावलं ऐकू आली.

बुटांची होती. दोन माणसं असावीत. सावकाश, घाई नसलेली पावलं, थोडी चालत, थांबत, पुन्हा चालत. शेवटचे चार बुडबुडे येता येता दोनावरच तुटले.

नुबार दाराकडे बघत राहिला. कुणी गिऱ्हाईक असेल, आता टकटक करेल. कुणी केली नाही. पावलं थांबली. त्याने दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. जिना खालपर्यंत रिकामा होता आणि शाकेच्या दुकानातून केस वाळवायच्या यंत्राऐवजी तिच्याच शिव्या ऐकू येत होत्या, विजेला दिलेल्या.

तो आत आला. पाणी स्थिर होतं. त्याने शंभर मोजले, मग दोनशे. काही आलं नाही.

पुन्हा पावलं वाजली. पुन्हा थांबली. या खेपेला तो धावतच बाहेर गेला. गच्चीपर्यंत चढला, पाण्याच्या टाक्यांमागे बघितलं, वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून बघितलं. खाली उतरून गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. भाजीवाल्याने विचारलं, "काय हरवलं, नुबार?" तो मान हलवून वर आला.

घड्याळात पाच वाजायला आले होते. चाळीस मिनिटं होऊन गेली होती आणि पाण्यात हालचाल नव्हती. नुबारने नकळत स्वतःचाही श्वास धरला होता. तो सुटला की परत धरायचा. छातीत दुखायला लागलं. चाळीस मिनिटं माणूस श्वास कसा धरेल? सोडत का नाही? मग त्याला आठवलं. सोडणार कसा? कुणी सांगितलंच नव्हतं त्याला. चौतीस वर्षांत सिमेंटखाली जाऊन कुणी दोनदा टकटक केलं नव्हतं.

त्याला रडू आलं. एवढी साधी गोष्ट करायची राहून गेली होती, आणि ती करायचं काम त्याचंच होतं.

पण तो नुबार होता. एकदा अंदाजाने वागून त्याने काय केलं होतं हे तो विसरला नव्हता. तो तिसऱ्यांदा उठला. पायरी न पायरी बघितली, गच्ची बघितली, गल्ली बघितली. शाकेच्या दुकानात डोकावून विचारलं, "वर कुणी आलं होतं का?"

"कोण येणार?" शाके म्हणाली. "पट्टी वाजली की मी बघतेच. तू सोडून कुणी चढलेलं नाही. अरे, तुझा चेहरा असा का झालाय?"

कुणी नव्हतं. तीनदा बघून झालं होतं. नुबार वर गेला, दार लावलं, भांड्यावर वाकला आणि बोटाच्या पेराने भांड्याच्या काठावर दोनदा ठोकलं.

"गेले," तो म्हणाला. "सेरोप, मी बघितलं. गेले ते."

क्षणभर काहीच झालं नाही. मग गोळ्यातून हवा सुटली. एक-एक बुडबुडा नव्हे, दोरीसारखी सलग धार, मिनिटभर, दोन मिनिटं, भांड्यातलं पाणी उकळल्यासारखं खळबळत होतं. नुबारच्या तोंडावर ती हवा आली. तिला कच्च्या कांद्याचा वास होता.

तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दमलास ना? दमलास रे," असं काहीबाही तो बोलत राहिला.

आणि पावलं वाजली.

अगदी जवळून. या खेपेला ती थांबत नव्हती, सरळ येत होती. नुबारने दाराकडे मान वळवली आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की पट्टी वाजली नव्हती. दुपारपासून इतकी पावलं आली आणि गेली, पण त्या पावलांखाली तिसऱ्या पायरीची पट्टी एकदाही वाजली नव्हती. ती पावलं त्याच्या जिन्यावर नव्हतीच. आवाज दाराकडून येत नव्हता. आवाज भांड्यातून येत होता, आणि त्याच्याबरोबर पाण्यावर गोल गोल लाटा उठत होत्या.

तीनदा बघितलं होतं त्याने, पण आपला जिना. आपली गच्ची, आपली गल्ली. आणि त्यावरून सांगितलं होतं तिथलं, त्या हौदावरचं.

भांड्यात काहीतरी जड खरवडत सरकलं, फरशी सरकते तसं. नुबारने घाईने पाण्यात हात घातला आणि गोळ्यावरचं भोक अंगठ्याने दाबून धरलं. "गप," तो पुटपुटला, "गप, आवाज करू नको, मी चुकलो, गप राहा." अंगठ्याखाली ओढ लागली. आतून कुणीतरी एकदम खोल श्वास घ्यायला बघत होतं. कातडी भोकात ओढली गेली, दुखलं, आणि मग एकाएकी सुटली.

त्याने बराच वेळ अंगठा काढला नाही. काढला तेव्हा गोळ्यावरचा नटही बाजूला केला. गोळा वर आला नाही. भोक पडलेला गोळा पाणी पितो आणि बुडतो. तसा तो तळाशी पडून राहिला.

६

घरी पोचला तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. आई खिडकीशी बसली होती. समोर धूपदाणी, निखारा फुललेला, शेजारी कागद आणि पेन्सिल. कागदावर नवऱ्याचं नाव लिहून झालं होतं आणि त्याच्याखाली जागा सोडलेली होती.

"बघून आलास?"

"आलो."

"तीनदा?"

"तीनदा."

आईने त्याच्याकडे बघितलं. तिचे ओठ सुकले होते. "तिकडे आहे?"

नुबारला खोटं बोलता आलं असतं, गप्पही राहता आलं असतं. पण आईला जायचं होतं आणि तिने रस्ता विचारला होता.

"आहे, आई," तो म्हणाला. "आता आहे."

धुपाची चिमूट आईच्या बोटांत तशीच राहिली.

"आता?" तिने विचारलं. "आता म्हणजे कधीपासून, नुबार?"

आईने त्याचा हात ओढून उजेडात धरला. अंगठ्याच्या मध्यावर सुईच्या टोकाएवढा लालभडक ठिपका होता. त्याच्याकडे ती पुष्कळ वेळ बघत होती. मग तिने हात सोडला, नवऱ्याच्या नावाची चिमूट निखाऱ्यावर टाकली, पेन्सिल उचलून कापऱ्या अक्षरांत खाली सेरोपचं नाव लिहिलं, आणि दुसरी चिमूट टाकली.

धूर खिडकीतून बाहेर गेला. जिन्यावर कसलीही चाहूल नव्हती. तरी नुबार उठला, दार उघडून जिना बघितला आणि आत आला. मग परत उठला.

"बस आता," आई म्हणाली. "काही बघू नकोस."